सांत आंतोनचं तोंड भिंतीकडे

सांत आंतोनची मूर्ती भिंतीकडे फिरवताना इनेझने त्याला बजावलं, "वस्तू मिळेपर्यंत असाच उभा राहा. कळू दे जरा, पाठ दाखवली की कसं वाटतं ते."

हरवलेल्या वस्तूंचा हा संत. त्याला मेणबत्ती लावून नुसतं विनवलं तर तो सावकाश ऐकतो, पण शिक्षा केली की धावतो, असं इनेझची सासू सांगायची. सासूच्या बाकीच्या गोष्टी इनेझने तिच्या शवपेटीबरोबरच पुरल्या होत्या. ही तेवढी ठेवली, कारण उपयोगी होती. शिक्षा करायला तिला आवडायचंही.

हरवलं होतं ते डेरिकचं मशीन. डेरिक तिचा एकुलता एक. पाण्याच्या लाइनी टाकणाऱ्या कुठल्याशा कंपनीत मोजणीच्या कामाला होता, आणि बायकोबरोबर, शर्लीबरोबर, मीरा रोडला फ्लॅटमध्ये राहायचा. मीरा रोड म्हणजे काही सातासमुद्रापलीकडे नाही. पण बाप, बॅप्टिस्ट, गेल्यापासून तो घरी यायचा ते पाहुण्यासारखा. खुर्चीच्या टोकावर बसायचा, चहा अर्धा ठेवायचा, आणि निघताना केळी घेऊन जायचा. इनेझ म्हणायची, "केळेवाला तरी दोन शब्द जास्त बोलतो."

त्या शनिवारीही तो तसाच आला होता. दिवसभर चिंचोटीच्या डोंगरात मोजणी करून, बुटांना चिखल घेऊन. गावात तेव्हा मोबाइल नुकते दिसू लागले होते. त्याने तसंच काहीतरी टेबलावर ठेवलं, तेव्हा इनेझला वाटलं, घेतला वाटतं फोन.

"फोन नाही आई, जीपीएस. आपण कुठे उभे आहोत ते आकाशातनं याला कळतं. छपराखाली आंधळं, उघड्यावर नेलं की डोळे उघडतं." त्याने लाल बटण दाबून दाखवलं. अंगणात नेलं तेव्हा करड्या पडद्यावर एक काळा बाण आला. डेरिक चालला की बाणही सरकायचा.

"मग हे असलं की माणूस हरवत नाही?"

"नाही."

"तुझ्या बापाला घेऊन द्यायचं होतंस. पीटरच्या गुत्त्यावरनं घर सापडायचं नाही त्याला."

डेरिक हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मग कोयता घेऊन वाडीत गेला, बावखलाच्या काठावरचा केळीचा एक घड उतरवला आणि शर्ली वाट बघतेय म्हणून निघून गेला. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पूर्वी सगळी वाडी त्यावर भिजायची. आता त्यात शेवाळ आणि खंड्या.

सोमवारी त्याचा फोन आला. मशीन नाही. बॅगेतच आहे असं धरून सकाळी पुन्हा चिंचोटीला मोजणीला गेला होता, काढायला गेला तर नव्हतं. डोंगरात पडलं असावं, धबधब्याच्या बाजूला. "घरी एकदा बघ ना, आई. ऑफिसचं आहे. माझ्या सहीवर घेतलंय."

इनेझने घर बघितलं. नव्हतं. मग सांत आंतोनला फिरवला.

मंगळवारी ती सुकवून सुकेळी करायला राजेळी केळी बघायला वाडीत गेली आणि संताने शब्द पाळला. जिथे डेरिकने घड कापला होता, तिथेच केळीच्या वाळक्या पानांखाली मशीन पडलेलं. वाकताना त्याच्या कमरेच्या पट्ट्यावरनं सुटलं असणार. इनेझने ते पदराला पुसलं आणि तरातरा घरात येऊन फोनला हात घातला, तर फोनच वाजला.

"आई, सापडलं का?" आणि तिने तोंड उघडायच्या आत, "नसेलच. मी असं करतो, शनिवारी तिकडेच मुक्कामाला येतो. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिसा करून चिंचोटीला जातो शोधायला. सापडेपर्यंत दर रविवारी जायला लागेल. चालेल ना तुला?"

चालेल ना म्हणे! ज्या पलंगावर त्याचं लहानपण गेलं, त्यावर मुक्काम करू का, म्हणून विचारत होता.

"वाडी बघितलीस?"

"पालथी घातली," इनेझ म्हणाली. "पान न् पान उचललं. नाही."

फोन ठेवला तेव्हा मशीन तिच्या दुसऱ्या हातातच होतं. तिने ते तांदळाच्या पिंपात खुपसलं आणि वर झाकण लावलं. सांत आंतोनची पाठ तिच्याकडे होती. बरं झालं, तिला वाटलं.

शनिवारी डेरिक आला. इनेझने बोंबलाचं कालवण केलं, हातावरच्या तांदळाच्या भाकऱ्या केल्या. तो जेवला, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि आपल्या जुन्या पलंगावर पडून तिला ऑफिसातल्या गमती सांगत राहिला. रविवारी मिसेला ती त्याच्या शेजारी पुढच्या बाकावर बसली. मागे सालोमी बसली होती, बावखलापलीकडची शेजारीण. सात-आठ वर्षांपूर्वी इनेझचा एक घड चोरीला गेला, तेव्हा इनेझने भर वाटेवर तिला विचारलं होतं, "केळी गोड लागली का गं?" घड दुसऱ्याच कुणी नेला होता हे नंतर कळलं. पण कळलं म्हणून बोललेलं परत गिळायचं असतं का? इनेझने गिळलं नाही. सालोमी बोलायची थांबली. इनेझही थांबली, आणि थांबण्यात आपण जिंकलो असं तिने मानलं. त्या रविवारी मात्र सालोमीला दिसेल अशा बेताने तिने डेरिकची कॉलर सारखी केली.

सोमवारी घर पुन्हा रिकामं झालं. आधी ते रिकामं आहे हे तिला इतकं ऐकू यायचं नाही.

तिने पिंपातनं मशीन काढलं, अंगणात नेलं आणि डेरिकने दाबलं होतं ते लाल बटण दाबलं. थोड्या वेळाने बाण आला. इनेझ चार पावलं चालली. बाण सरकला. ती थांबली. तोही थांबला. "चल," ती म्हणाली, आणि दोघं वाडीच्या टोकाला फाटकापर्यंत जाऊन आले.

मग ते रोजचंच झालं. मशीन कमरेला खोचायचं आणि फिरायचं. केळीतनं, आळूच्या वाफ्यातनं, फाटकापर्यंत. फाटकापासून चर्चच्या कोपऱ्यावर, जिथे एसटी थांबते. एसटी येई, माणसं उतरत, जात. कुणी विचारलं तर इनेझ म्हणे, "पाय मोकळे करतेय. तुझ्या सासूला सांग हवं तर." बॅप्टिस्टच्या कबरीवर गेली तरी ते बरोबर असे. सेल संपले तेव्हा तिने रेडिओतले काढून त्यात घातले. रेडिओ मुका झाला. पण रेडिओ तिच्याबरोबर फाटकापर्यंत कधी आला होता? तो आपलाच बोलत राहायचा. हे निदान ती हलली की हलायचं.

बंद केलं की सगळं पुसलं गेलं असं तिला वाटे. रेडिओ बंद केल्यावर मघाचं गाणं राहतं का त्यात कुठे?

पुढच्या शनिवारी डेरिक पुन्हा आला. रविवारी संध्याकाळी डोंगरातनं परत येताना त्याचे हात काट्यांनी ओरबाडलेले. इनेझने हळद लावली. तिचा जीव खालीवर झाला, नाही असं नाही. पण हळद लावायला हात समोर होता, हेही खरंच.

तिसऱ्या रविवारी मिसेहून दोघं परत आली तर ओट्यावर एक माणूस बसलेला. किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायांत चपला नाहीत. डेरिकचा चेहरा उतरला.

"आई, हा आत्माराम. कामण गावचा. मोजणीला माझी बॅग उचलायला हाच असतो."

"बाय, पानी दे थोडं," आत्माराम म्हणाला. तांब्याभर पाणी त्याने एका दमात संपवलं. मग डेरिककडे बघून म्हणाला, "साहेब, आठवडाभर मीच शोधतोय. नाल्यात उतरलो, दगड न् दगड उलटला. नाय भेटला."

"तुला कुणी सांगितलं शोधायला?"

"मंग काय करू? मुकादम म्हनला, बॅग तुझ्या खांद्यावर, म्हंजे तूच इकून खाल्लास. कामावर घेत नाय. गावात पन समद्यांना सांगितलान. माझी पोरगी शालंत गेली तर पोरी दप्तरं सरकवून बसतात."

डेरिक खाली बघत होता. "मी बोललो होतो त्यांना. ऐकत नाहीत. वस्तू दाखव म्हणतात."

आत्मारामची नजर उघड्या दारातनं आतल्या देव्हाऱ्यावर गेली. "बाय, तुमचा देव उलटा कशापायी?"

"हरवलेलं शोधून देतो तो," डेरिकने सांगितलं. "देईपर्यंत शिक्षा."

आत्मारामने तिथूनच हात जोडले. संताच्या पाठीला. "देवा, तू पन माझ्याच पायी उभा काय रे," तो म्हणाला.

इनेझ स्वयंपाकघरात गेली. पिंपाचं झाकण काढलं, तांदळात हात घातला. आयुष्यात तिने कुणाच्या कुंपणापलीकडचा नारळ उचलला नव्हता, आणि हे गावाला ऐकवायला ती कधी चुकली नव्हती. बाहेर जाऊन टेबलावर मशीन ठेवायचं, एवढंच होतं. पण मग डेरिक विचारणार, कधीपासून. तिच्याच्याने ते होईना. मागच्या दाराने ती वाडीत गेली, बावखलाच्या काठी वाळक्या पानांखाली मशीन ठेवलं, आणि परत येऊन ओट्यावर ओरडली, "डेरिक, पाहुण्याला रिकाम्या हाताने धाडणार आहेस काय? बावखलावरची राजेळी काढ. मागच्या घडाच्या शेजारची."

दोघं गेले. इनेझ चुलीपाशी उभी राहून कान देत होती. आधी कोयत्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग आत्मारामची आरोळी, अशी, की खंड्या उडाला.

आत्माराम पळतच आला. "भेटला बाय! तुमचा देव पावला!" तो रडत होता आणि हसत होता. मागनं डेरिक आला, सावकाश. अंगणात थांबून त्याने लाल बटण दाबलं होतं आणि पडद्याकडे बघत होता.

मशीन लगेच लागलं. तीन आठवडे दवात पडलेलं मशीन.

डेरिक बराच वेळ बटणं दाबत उभा होता. मग घरात आला, फोन उचलला आणि ऑफिसच्या माणसाला घरी फोन करून सांगितलं, "सापडलं. माझ्याच वाडीत, माझ्याच हातनं पडलं होतं. आत्मारामचा काही संबंध नाही. हो, मुकादमालाही सांगा. गावात सांगायला सांगा." आत्माराम केळी खांद्यावर घेऊन गेला. जाताना इनेझच्या पाया पडला. इनेझने पाय मागे घेतले.

"आई," डेरिक म्हणाला, "रेडिओ का बंद आहे?"

"त्याच त्या बातम्या. कंटाळा आला."

तो तिच्या शेजारी बाकावर बसला आणि मशीन तिच्यापुढे धरलं. पडद्यावर बाण होता, आणि बाणाभोवती बारीक काळ्या रेघांचं जाळं. "हे चालू असलं की जिथे जिथे जातं तिथली रेघ ठेवतं. बंद केलं तरी राहते." तो बोट फिरवत होता. "हे घर. हे फाटक." घरापासून फाटकापर्यंत रेघा इतक्या एकावर एक पडल्या होत्या, की तिथे जाड काळा पट्टाच झाला होता. "ही एसटी. हे कब्रस्तान. एसटी. परत एसटी."

इनेझने पदर सारखा केला.

"सगळीकडे गेलीस," डेरिक म्हणाला. बोट बावखलापाशी थांबलं. पलीकडे पडदा कोरा होता. "सालोमीमावशीकडे तेवढी नाही. तीच सगळ्यात जवळ."

"जीभ फार लांब झालीय तुझी."

"तुझ्यावर गेलीय."

मग त्याने बटणं दाबली आणि पडदा कोरा झाला. ऑफिसात द्यायचं होतं. मशीनच्या पाठीमागचं झाकण उघडून त्याने सेल काढले, रेडिओत घातले, आणि बटण फिरवलं. कुणीतरी बाई कापसाच्या भावाबद्दल बोलत होती. डेरिकने बॅग घेतली. "येतो," म्हणाला. कधी ते म्हणाला नाही. तिने विचारलं नाही. आता शोधायला काही उरलं नव्हतं.

तो गेल्यावर इनेझने सांत आंतोनला वळवून सरळ केला. त्याचा चेहरा होता तसाच होता. "बघतोस काय?" ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी तिने बोंबील आणले. फाटकापर्यंत गेली, एसटीपर्यंत गेली. हात दोनदा कमरेला गेला. एसटीतनं उतरायचे ते उतरले. ऊन कलायला लागलं तशी ती परत आली. कालवण दोघांपुरतं झालं होतं. डेरिकसाठी बांधलेली सुकेळ्यांची पुडी टेबलावर होती, केळीच्या वाळक्या सोपटात गुंडाळलेली, सुतळीने आवळलेली.

इनेझने पुडी उचलली. वाडीतनं गेली, बावखलाच्या काठाने वळसा घातला. पाऊलवाट बुजली होती, लुगडं काट्यांत अडकलं. सालोमीच्या कुंपणापाशी ती थांबली. आत रेडिओ लागला होता, मोठ्याने, एकट्या माणसाच्या घरी लागतो तसा.

"काय गं," इनेझने हाक मारली, "जिवंत आहेस की मेलीस?"

इनेझ तिथेच उभी राहिली, पुडी छातीशी धरून. जरा वेळाने आतल्या रेडिओचा आवाज बारीक झाला.