बुटकीचे मागचे ब्रेक

वाहन तपासणीत बुटकी दुसऱ्यांदा नापास झाली, आणि त्याच आठवड्यात वन्सं पडदा लावायला स्टुलावर चढल्या. खाली आल्या त्या उजव्या खांद्याजवळचं हाड मोडूनच. हात गळ्यात आला. जिभेला मात्र खरचटलंसुद्धा नव्हतं.

बुटकी म्हणजे वन्संची गाडी. दोन माणसांची, कापडी टपाची, पन्नाशी ओलांडलेली स्पोर्ट्‌स कार. इतकी बसकी, की आत बसलं की शेजारच्या गाडीचं चाक नाकासमोर यायचं. वन्संनी लग्न केलं नाही. चाळीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. अर्ध्या शहराला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्याने त्यांचं ओरडणं निदान रस्त्यावरून तरी ऐकलं होतं. बाहेर सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत. घरात धाकटा भाऊ त्यांना ताई म्हणे, आणि त्याची बायको वन्सं.

या बायकोला घरात सगळे धाकटी म्हणत. पन्नाशी उलटली तरी धाकटीच. घरामागच्या खोलीत ती दातांच्या कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवत, ती त्यांवरून एकेक दात घासून, चावा सारखा बसवून द्यायची. अर्धवट बसलेली कुठलीही वस्तू तिला बघवत नसे.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी विषय निघालाच.

“सोमवारी अकराला तपासणी आहे,” वन्सं म्हणाल्या. “तिसऱ्यांदा नापास झाली तर नोंदणी रद्द. मग तिच्यात कुंड्या ठेवा.”

“ताई, आता पुरे कर,” भाऊ म्हणाला. “तो गॅरेजवाला पंधरा दिवस हात लावणार नाही म्हणतोय.”

“त्याने हात लावला म्हणूनच दुसऱ्यांदा नापास झाली. नुसती केबल आवळून दिली मेल्याने. हँडब्रेक टपापर्यंत वर येतो आणि गाडी तरी घरंगळते.”

“आणि नेणार कोण? मी तर तिच्यात मावत नाही.” हे खरं होतं. एकदा तो आत बसला होता. बाहेर काढायला दोन शेजारी लागले होते.

“मी नेईन. गिअर डाव्या हाताने, आणि तेवढ्यापुरतं स्टिअरिंग गुडघ्याने धरायचं.”

भावाने कपाळावर हात मारला. धाकटीने कप खाली ठेवला.

“मागच्या ब्रेकला नक्की काय करायचं असतं, वन्सं?”

“का?”

“तुम्ही सांगा. मी करते.”

“तुला नाही जमायचं,” वन्सं म्हणाल्या. हे वाक्य या घरात इतक्यांदा म्हटलं गेलं होतं, की ते आपोआपच तोंडातून येई.

“बघू,” धाकटी म्हणाली आणि जुनी साडी नेसायला गेली.

गाडी मागच्या अंगणातल्या शेडमध्ये होती. वन्सं स्टुलावर बसल्या आणि हुकूम सुटू लागले. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लाव. हँडब्रेक सोड. गिअर काढ. मागून जॅकने उचल, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. ॲक्सलखाली लोखंडी घोड्या दे. धाकटीने सतरंजी पसरली आणि पाठीवर झोपून सरकत आत गेली. जुन्या तेलाचा आणि रस्त्याच्या धुळीचा वास आला.

“आता केबल पूर्ण सैल कर.”

“सैल? हँडब्रेक धरत नाहीये ना?”

“म्हणूनच. ड्रमच्या आत दोन ब्रेक शू असतात, कमानीसारखे. ते फाकले की ड्रमला आतून घट्ट धरतात. ते झिजून लांब गेलेत. केबल ओढून काय होणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?”

“म्हणजे आधी शू जवळ आणायचे, मग केबल.”

“शहाणी आहेस,” वन्सं म्हणाल्या, आणि आपण हे बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

डाव्या ड्रममागे एक लहानसं चौकोनी डोकं बाहेर आलेलं होतं. शू जवळ आणणारा अ‍ॅडजस्टर तो हाच. धाकटीने त्याला पाना लावला. पाव फेरा झाला की आत टक वाजे. टक, टक, टक; चाक जड झालं, मग हलेना.

“आता एक टक मागे घे. चाक फिरव. काय ऐकू येतं?”

“खरखर.”

“एकसारखी, का एकाच जागी?”

धाकटीने चाक हळू फिरवलं. “एकाच जागी. दर फेऱ्याला.”

“अजून एक टक मागे. मग मी पेडल दाबते, म्हणजे शू आपापल्या जागी बसतील.”

वन्सं गळ्यातला हात सांभाळत, कण्हत, गाडीत उतरल्या. बुटकीत चढत नाहीत, उतरतातच. त्यांनी दोनतीनदा पेडल दाबलं. धाकटीने पुन्हा चाक फिरवलं. फिरताना पलीकडचं चाक उलटं फिरत होतं. त्याचं तिला हसू आलं. खरखर गेली होती. उरला तो ॲक्सलचा नुसता जडपणा, आणि तो वेगळा असतो हे तिच्या कानांना कुणी सांगावं लागलं नाही. कवळीचा एक दात केसभर उंच असला तरी चावताना ‘कट्’ वाजतं. आयुष्यभर ती तेच ऐकत आली होती.

उजवीकडे मात्र घोडं अडलं. अ‍ॅडजस्टर गंजून बसला होता, आणि कुणीतरी भलत्या मापाचा पाना लावून त्याचे कोपरे खाल्ले होते. चौकोन आता चौकोन उरला नव्हता. पाना लावला की गरकन घसरे. दोनदा धाकटीची बोटं ड्रमवर आपटली, सालपट निघालं.

“झालं,” वन्सं म्हणाल्या. “राहू दे. याला आता गॅरेजच.”

 धाकटीने तिथे गंज सोडवायचं तेल भरपूर सोडलं, वरून हातोडीने हलके ठोके दिले आणि आपल्या खोलीत गेली. परत आली ती तोंडाचे साचे घेतात तो गुलाबी लगदा हातात घेऊन.

“आता काय, बुटकीला कवळी बसवतेस?” भाऊ दारातून म्हणाला.

“तिच्या दाताला पाना बसवतेय,” धाकटी म्हणाली.

तिने लगदा त्या खाल्लेल्या डोक्यावर दाबला, घट्ट होईपर्यंत तीन मिनिटं धरला आणि अलगद काढला. त्यात प्लास्टर ओतलं. तासाभरात त्या डोक्याची तंतोतंत प्रतिकृती तिच्या टेबलावर होती. मग एक लहान मापाचा पाना घेऊन ती कानशीने त्याचा जबडा घासू लागली. घासायचा, प्लास्टरवर लावून बघायचा, पुन्हा घासायचा. उन्हं कलली. वन्सं दोनदा येऊन बघून गेल्या. 

रविवारी सकाळी पाना डोक्यावर गच्च बसला. रात्रभर तेल मुरलं होतं.

“आधी सोडायच्या बाजूला,” वन्सं म्हणाल्या. “हट्ट करायचा नाही. थोडं मागे, थोडं पुढे.”

थोडं मागे, थोडं पुढे. वीस मिनिटं धाकटी तेवढंच करत होती. घाम डोळ्यांत जात होता. मग कर्रकन आवाज झाला; तिला वाटलं, तुटलं. पण तो फिरला होता. टक.

“वन्सं! टक आला!”

“ऐकलं मी,” वन्सं म्हणाल्या.

उजवं चाकही डाव्यासारखं बसलं. शेवटी केबल जेवढ्यास तेवढी आवळून धाकटी हात पुसत गाडीत बसली आणि तिने हँडब्रेक ओढला. एक, दोन, तीन, चार खटके. पक्का. काल केबल सोडण्याआधी तिनेच मोजले होते, तेव्हा अकरा होते, आणि तरीही पकड नव्हती.

तिचा हात लिव्हरवर तसाच राहिला.

सव्वीस वर्षांपूर्वी वन्संनी तिला गाडी शिकवायला घेतली होती, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर. एका चढावर तिने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, पाय काढला, आणि गाडी मागे घसरली. मागे रस्ता भरलेला होता. वन्संनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबून गाडी थांबवली आणि सगळ्यांदेखत तिला असं फैलावर घेतलं, की ती तिथेच उतरून चालत घरी आली. पुढे लायसन मिळालं, पण नावापुरतं. गाडीला तिने पुन्हा हात लावला नाही.

“वन्सं,” ती म्हणाली. “त्या चढावर मी लिव्हर पूर्ण ओढला होता. आठवतंय मला. वरपर्यंत आला होता, काल हा आला तसा. अकरा, कदाचित बारा.”

वन्सं स्टुलावरून जमिनीवरच्या पान्याकडे बघू लागल्या.

“त्या गाडीचे ब्रेक सैल होते. हो ना?”

“हो.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“सकाळीच कळलं होतं. सहाजण शिकायला यायचे होते, गाडी एकच. म्हटलं, संध्याकाळी बघू.” वन्संनी चांगल्या हाताने गळ्यातला हात सावरला. “मागे एक बाई सायकलवर होती. मी घाबरले, धाकटे. घाबरले आणि तुझ्यावर ओरडले.”

“सव्वीस वर्षं, वन्सं.”

“रोज ठरवायचे, उद्या सांगू. नंतर सांगायला तोंडच उरलं नाही.”

धाकटी गाडीतून उतरली. स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली हात धरून उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं. आला तो संताप, तोही थंडगार. नवरा म्हणाला, “काय झालं? ताई काही बोलली का?”

“बोलल्या. आधी ब्रेक. भांडण मग.”

ती परत शेडमध्ये गेली. घोड्या काढल्या, गाडी खाली घेतली, ठोकळे काढले. “बसा शेजारी,” ती म्हणाली. “चालवून बघायला हवी. मी चालवणार.”

वन्सं डाव्या बाजूने आत उतरल्या.

फाटकातच गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर धाकटीने मुद्दाम मधोमध थांबवली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही पाय उचलले. बुटकी जागची हलली नाही. मागे एक ट्रक येऊन थांबला, त्याने भोंगा वाजवला. वन्संचा डावा हात दार घट्ट धरून होता, ओठ आवळलेले. धाकटीने क्लच हळू सोडला, इंजिनचा आवाज बदललेला ऐकला, लिव्हर खाली केला. गाडी वर गेली.

घरी येऊन तिने दोन्ही ड्रमना हात लावून पाहिला. उजवा अंमळ जास्त गरम होता, म्हणजे आत अजून घासत होता. पुन्हा जॅक, पुन्हा घोड्या, पुन्हा सतरंजी. तिने अजून एक टक मागे घेतला, पेडल दाबवून घेतलं, आणि पुन्हा एक फेरी मारून आली. आता दोन्ही सारखे.

सोमवारी तपासणी केंद्रात बुटकीची मागची चाकं फिरत्या रुळांवर चढवली. ब्रेकची पकड दाखवणारे काटे दोन, दोन्ही जवळजवळ बरोबरीने चढले. तपासनिसाने चष्मा वर करून पाहिलं.

“कुठल्या गॅरेजला केलंत, बाई?”

“आमच्या धाकटीने केलं,” वन्सं म्हणाल्या. “आणि आणलीही तिनेच.”

त्याने शिक्का मारला.

भांडण त्याच संध्याकाळी झालं, ठरल्याप्रमाणे. चांगलं दीड तास. धाकटीने सव्वीस वर्षांचं सगळं काढलं, आणि वन्संनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी त्यांनी भावाला समोर बसवून ती चढावरची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगितली.  त्या रात्री कुणाचंच जेवणात लक्ष नव्हतं.

दोन दिवस घरात कुणी कुणाशी फार बोललं नाही. गुरुवारी वन्संना हाड दाखवायला डॉक्टरकडे जायचं होतं. त्या धाकटीच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“नेशील का?”

धाकटीने हातातली कवळी खाली ठेवली. “नेते. पण वाटेत एक अक्षर बोलायचं नाही.”

“वळणावरसुद्धा?”

“वळणावरसुद्धा.”

वन्सं दुसऱ्या वळणापर्यंत कशाबशा गप्प राहिल्या. तिथे त्या म्हणाल्या, “इंडिकेटर,” आणि लगेच जीभ चावली. धाकटीने इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली.