वाजवणाऱ्यांचे कोट

"हा कोट याचा नाहीच मुळी," मास्तर म्हणाले. "कुणाकडून तरी मागून आणलाय. बघ ना, माणूस वळतो आणि कोट आपला जागच्या जागी."

"बाबा, तो गातोय. गाणं ऐका की."

"ऐकतोय. ऑपरेशन डोळ्याचं झालंय, कानाचं नाही."

मास्तरांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून नऊ दिवस झाले होते. महिनाभर सुई, कात्री, इस्त्री काही धरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पन्नास वर्षं ज्या माणसाने सुट्टीच्या दिवशीही शिवणाच्या दुकानाचं दार किलकिलं ठेवलं, त्याला रिकामा बसवायचा कसा? तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या न्हाव्याच्या कामात चुका काढायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी न्हावी हात जोडून मुलीकडे आला. "ताई, तुमच्या वडलांना कशात तरी गुंतवा, नाहीतर मी दुकान हलवतो." मग मुलीने आपला टॅबलेट आणला आणि कापड कापायच्या टेबलावर, ताग्याला टेकवून उभा केला.

दुकान खरं म्हणजे चार वर्षांपासून तीच चालवत होती. मास्तरांना तसं वाटत नव्हतं, इतकंच.

काय दाखवायचं याचा तिने विचार केला होता. कुणा एका हौशी माणसाने स्का आणि रेगे संगीताच्या, ऑनलाइन बघता येतील अशा वीस कार्यक्रमांची यादी करून ठेवली होती. प्रत्येकापुढे दोन ओळींचा शेरा. 'गायक थकलेला आहे, ड्रमवाल्याकडे बघा.' 'पाऊस पडतोय तरी कोणी हललं नाही.' असे. हे काकाचं संगीत होतं, एवढंच तिला माहीत होतं. काका घर सोडून गेला तेव्हा ती सात वर्षांची होती. वडिलांसमोर ती तसं बोलली नाही. मास्तरांनीही विचारलं नाही. पण पहिला कार्यक्रम सुरू झाला तसे ते खुर्ची ओढून पुढे सरकले, आणि मुलीने ते पाहिलं.

संगीत एका लांबच्या बेटावरचं. स्का उड्या मारत चालणारं, पितळी वाद्यांचं. रेगे त्याचा धाकटा भाऊ. पण धाकटा असून थोरल्यासारखा सावकाश चालणारा. मास्तरांनी दोन दिवसांत ते आपल्या पद्धतीने समजून घेतलं. बंद मशीनच्या पायट्यावर त्यांचा पाय आपोआप हलायचा.

"गंमत बघ," ते म्हणाले. "पाय खाली जातो तेव्हा हे लोक गप्प. पाय वर आला की वाजवतात."

"आवडलं?"

"वाईट नाही. पण हे पुढचे रेगेवाले कोट सोडून ढगळ सदऱ्यांवर का आले? स्कावाल्यांचं बरं होतं. अरुंद कॉलर, चापून बसलेला कोट. आता यातला एक तरी धड बेतलेला दाखव."

असा त्यांचा कार्यक्रम चालायचा. गिऱ्हाईक आलं की त्यालाही स्टुलावर बसवून दोन गाणी दाखवायचे. एका शाळामास्तरणीने तर विजार नेण्याआधी अख्खा कार्यक्रम बघितला आणि उठताना म्हणाली, "यातलं मला काही कळत नाही, पण पाठ दुखायची थांबली."

बाराव्या दिवशी यादीतला चौदावा कार्यक्रम लागला. एका बंदराच्या गावातलं सभागृह, एकतीस वर्षांपूर्वीचं. शेरा होता: 'चित्र वाईट, आवाज बरा. ट्रॉम्बोनसाठी बघाच.' कॅमेरा धरणाऱ्याचा हात थरथरत होता. मंचावर आठ जण, काळ्या कोटांत.

"थांब," मास्तर म्हणाले. "मागे घे."

मुलीने मागे घेतलं.

"हे आठही कोट एका हाताचे आहेत."

"बँड आहे बाबा. गणवेश असेल."

"एका दुकानाचे म्हणत नाही मी. एका हाताचे." ते पडद्याच्या इतके जवळ गेले की मुलीने त्यांना खांद्याला धरून मागे ओढलं. "खांदा बघ. आत भरणा नाही. बाही किंचित पुढे बसवलीय. का? तर काम करणाऱ्या माणसाचे हात कडेला लोंबत नाहीत, पुढे असतात. माझे वडील असं शिवायचे. मी शिवतो. तू शिवतेस. आणखी कोणी शिवताना मी पाहिलं नाही."

तेवढ्यात मागच्या रांगेतला एक बारीक माणूस पुढे आला आणि त्याने ट्रॉम्बोन तोंडाला लावला. मुलीचा हात तोंडावर गेला.

"काका," ती म्हणाली.

मास्तर चेहऱ्याकडे बघत नव्हते. ते बाहीकडे बघत होते. ट्रॉम्बोनची लांब नळी सरकवताना वाजवणाऱ्याचा उजवा हात पार पुढे जातो. कुठलाही चापून बसणारा कोट अशा वेळी वर चढतो, पाठीला ओढ बसते, कॉलर मानेपासून सुटते. याचा कोट जागचा हलला नाही. हात लांब गेला, परत आला, पुन्हा गेला. कॉलर मानेला चिकटलेलीच.

त्यांनी तो तुकडा अकरा वेळा बघितला.

"बगलेत कळी घातलीय," शेवटी ते म्हणाले. "वरून दिसत नाही अशी, तिरक्या कापडाची. हे मी त्याला शिकवलेलं नाही." मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "मला येतही नाही."

बारक्या, त्यांचा हा धाकटा भाऊ, त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता; मास्तरांनी त्याला दुकानातच वाढवला, काज करायला बसवला, कात्री हातात दिली. पण इथल्या बंदरावरच्या खलाशांकडून तो रेकॉर्डी ऐकायला शिकला आणि कुणाकडून तरी जुना ट्रॉम्बोन घेऊन आला. मागच्या खोलीत शिवण कमी आणि वाजवणं जास्त व्हायला लागलं. एकदा ताल मोजता मोजता त्याने तापलेली इस्त्री एका नवरदेवाच्या कोटावर तशीच ठेवली. बाही जळाली. लग्न दुसऱ्या दिवशी.

मास्तरांनी रात्र जागून नवी बाही बसवली. सकाळी ट्रॉम्बोन उचलून दाराबाहेर ठेवला आणि म्हणाले, "हे राहील नाहीतर तू." एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. भावाभावांत होतं असं. पण ते पुढे म्हणाले, "तुझ्या हाताला कात्री शोभत नाही. आयुष्यात परत कुणाचं कापड नासू नकोस."

बारक्याने बोटातलं अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं, बाहेर जाऊन ट्रॉम्बोन उचलला आणि गेला. पत्र नाही, फोन नाही. मास्तरांनी दोनदा शोध घेतला. तो कुठल्याशा बँडबरोबर फिरतोय एवढंच कळायचं, आणि बँड दर वेळी दुसऱ्याच गावी असायचा. तिसऱ्यांदा घेतला नाही. सहा वर्षांपूर्वी एका परक्या गावच्या रुग्णालयातून पत्र आलं, तेव्हा सगळं आटोपून तीन आठवडे झाले होते.

"खाली लोक लिहितात ना काहीबाही?" मास्तरांनी विचारलं. "तू लिही. विचार, कोट कोणी शिवले."

"कोण विचारतंय म्हणून लिहू?"

"लिही, एक शिंपी विचारतोय."

दोन दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारी बँडमधली सॅक्सोफोनवाली. चित्रात डावीकडून तिसरी. तिने लिहिलं होतं: 'आमच्या मास्तरनेच. ट्रॉम्बोनवाल्याने. आम्ही त्याला मास्तरच म्हणायचो, खरं नाव अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं.'

मुलीने ते मोठ्याने वाचलं आणि वर बघायचं टाळलं. मास्तर उठले, दुकानाच्या मागच्या खोलीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिले.

मुलीने आपण कोण ते कळवून नंबर मागितला; फोनवर बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. मुलीने आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"तुम्ही त्याचे भाऊ?" सॅक्सोफोनवाली म्हणाली. "अहो, आम्हाला वाटायचं त्याला कोणीच नाही."

"कोट कधी शिवायचा तो?"

"गाडीत. हाताने फिरवायचं मशीन होतं त्याच्याकडे, मांडीवर घेऊन बसायचा. इस्त्रीला मात्र आम्हाला कोणाला शिवू द्यायचा नाही. वाजवण्यात चूक झाली तर हसायचा. पण कोट खुंटीऐवजी खुर्चीवर टाकला की तासभर बोलणं बंद."

मास्तर हसले. मग त्यांनी जे विचारायचं होतं ते विचारलं. "माझ्याबद्दल काही बोलायचा?"

सॅक्सोफोनवाली खोटं बोलू शकली असती. मुलीला वाटलं, तिने बोलावंही.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. वीस वर्षं एकत्र होतो, पण नाही."

"राग असेल."

"राग असता तर बोलला असता हो. रागाचं माणूस बोलतं."

मास्तरांनी मान हलवली, जणू ती समोरच बसली होती. "खरं सांगितलंत, बरं केलंत," ते म्हणाले.

फोन ठेवायच्या आधी तिने चाचरत विचारलं, "मास्तर, त्याने शिवलेला माझा कोट अजून आहे. तीस वर्षांत अंगाने मी दुप्पट झाले, तो होता तेवढाच राहिला. दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा धीर झाला नाही. पुढच्या महिन्यात आम्ही उरलेले चौघं एकदा वाजवणार आहोत. तो कोट तुम्ही बघाल का?"

"माझा डोळा मोकळा झाला की या," मास्तर म्हणाले.

महिना संपल्यावर डॉक्टरांनी डोळा तपासला आणि परवानगी दिली. त्याच आठवड्यात ती आली. गाडीने पाच तास प्रवास करून. साठी ओलांडलेली, ठसठशीत बाई, आवाज खणखणीत. कोट तिने कागदात गुंडाळून आणला होता. मंचावरच्या दिव्यांनी आणि गावोगावच्या उन्हाने काळा रंग उडून तो राखेसारखा झाला होता.

मास्तरांनी तो टेबलावर उलटा पसरला. आधी हाताने चाचपला, मग अस्तराचा एक टाका उसवला. मग दुसरा. मुलगी शेजारी उभी होती. बाजूची शिवण उघडली तसा मास्तरांचा हात थांबला.

"काय झालं?" सॅक्सोफोनवालीने विचारलं. "होणार नाही का?"

"होईल," ते म्हणाले. "ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त माया सोडलीय आत."

त्यांनी बोटाने मोजलं. प्रत्येक बाजूला दोन इंच, पाठीत दीड. इतकं कापड शिवणीत कोणी दडवत नाही. कोट जड होतो. पण त्याने ते इतकं सपाट दाबलं होतं की बाहेरून पत्ता लागला नसता. वाजवणारे जाड होणार, म्हातारे होणार, तरी वाजवणार, हे त्याने गाडीत बसून धरलेलं होतं.

"मी देऊ का उसवून?" मुलीने विचारलं.

"नको. तू दोरा ओव."

दुपारभर ते त्यावर बसले. बगलेतली कळी त्यांनी उघडली नाही. तिथे भिंग धरून बघितलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, कागदावर खडूने आकार काढून घेतला आणि कागद मुलीच्या हातात दिला. "हे जपून ठेव. पुढे लागेल," म्हणाले. बाकीची शिवण जुन्याच्या समांतर, तेवढ्याच बारीक टाक्याने घातली. सॅक्सोफोनवाली स्टुलावर बसून होती.

तिने कोट अंगात घातला. वाद्य धरल्यासारखे हात वर केले, खाली आणले, श्वास भरला. बटणं बिनतक्रार लागली.

पण वळून आरशात पाठ बघितली तर तिला वेगळंच दिसलं. शिवणीत दडलेल्या कापडाला कधी ऊन लागलं नव्हतं. ते तसंच होतं, पहिल्या दिवसासारखं काळं. राखी पाठीवर मधोमध आणि दोन्ही बाजूंना काळेभोर पट्टे उमटले होते.

मास्तर जवळ आले. "रंगवून एकसारखा करून देऊ शकतो," ते म्हणाले. "दोन दिवस लागतील."

"तुम्ही काय केलं असतंत?"

गिऱ्हाइकाला असा प्रश्न मास्तर कधी विचारू देत नसत. त्यांनी खांद्यावरची एक दोऱ्याची काडी उचलली, कॉलर नीट केली.

"राहू द्या," ते म्हणाले.

ती कोट अंगात ठेवूनच निघाली. मास्तर दारात उभे राहिले. न्हाव्याने आतूनच विचारलं, "काय मास्तर, डोळा काय म्हणतोय?" उन्हात ती बाई लगबगीने स्टँडकडे चालली होती. गर्दीत तिचं डोकं दिसेनासं झालं, तरी पाठीवरचे ते तीन काळे पट्टे बराच लांबपर्यंत दिसत होते.