गव्हाणीतल्या बाळाची कुंची

इरावतीने पुठ्ठ्याची चांदणी उचलून चमकीच्या ताटलीत पालथी दाबली आणि पुन्हा वर धरली. एका टोकाला तेवढे चार सोनेरी कण चिकटले होते, बाकी चांदणी कोरडीच. गोंद कधीचा वाळून गेला होता. लावून झाल्यावर आपण ती हातात धरून नुसत्याच बसलो होतो, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"आणखी एक वाया गेली," पलंगावरून ऋतिका म्हणाली.

"तू डाव्या कुशीवर नीट नीज. माझ्या चांदण्या मोजत बसू नकोस."

"मग दुसरं काय मोजू?"

इरावतीने चांदणीवर पुन्हा गोंद फिरवला.

सकाळपासून लेकीच्या पोटातलं बाळ हललं नव्हतं. रोज चहाचा पहिला घोट गेला की आत लगबग सुरू व्हायची. आज चहा झाला, न्याहारी झाली, जेवण झालं, दुपारची उन्हं गॅलरीतून खोलीत आली, तरी आत सगळं निजानीज. ऋतिका बोलली नव्हती. पण तिचा तळहात पोटावर ज्या तऱ्हेने टेकलेला होता, बंद दारावर कोणी कान लावावा तसा, ते पाहून इरावतीनेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "मीठा कुछ खिलाइए, बाईं करवट लिटाइए, एक घंटा देखिए," त्या म्हणाल्या. "नहीं हिला तो सीधे ले आइए." म्हणून गुळाचा शिरा झाला होता. खाली राहणाऱ्या दीपेशने गाडी काढून फाटकाशी लावली होती. जावई विक्रमसिंह धारहून निघाले होते. आणि मायलेकी तो तास ढकलत होत्या.

दोन वर्षांपूर्वी, धारला, असंच झालं होतं. तेव्हा घर आधीच भरलेलं होतं. रंगवलेला पाळणा, लोकरीचे मोजे, झबल्यांची चळत. एका सकाळी पोट गप्प झालं ते झालंच. मागाहून ती चळत कोणी कुठे दिली, ते इरावतीने कधी विचारलं नाही. या खेपेला लेक देवासला माहेरी आली तेव्हा तिने उंबऱ्यातच सांगून टाकलं होतं, बाळ हाती येईस्तोवर बाळाच्या नावाचा एक दोरासुद्धा या घरात यायचा नाही. लेकीनेही मान डोलावली होती. चुलत जावेने पाठवलेला खुळखुळा इरावतीने पिशवीतून न काढताच परत धाडला होता.

पलंगाच्या पायथ्याशी पसारा पडला होता तो मात्र दुसऱ्याच बाळाच्या जन्माचा. मिशनच्या शाळेत इरावतीने उभी हयात शिवणकाम शिकवलं. आता नोकरी सुटली तरी डिसेंबर लागला की सिस्टर लिसी मोठी थैली घेऊन यायच्या. चर्चमधल्या नाताळच्या देखाव्याचं सगळं काम तिच्याकडे. कापडी देवदूत, चमकीच्या चांदण्या, जरीच्या गोट्याच्या माळा. माहेश्वरीचे काठ, खणाचे तुकडे, जुन्या शालूची जर, काही म्हणून फुकट जात नसे. यंदा थैलीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं, देखाव्यातल्या गव्हाणीत निजवायचं एक बाळही आलं होतं, हातभर लांबीचं, प्लास्टरचं, हात पसरून निजलेलं. नाकाचा शेंडा उडालेला, गालांचे पोपडे निघालेले. "इसका चेहरा ठीक कर दीजिए मैडम, और कुछ पहना भी दीजिए," सिस्टर म्हणाल्या होत्या. इरावतीने नाक लिंपलं होतं, काल अंग रंगवलं होतं, आणि आज हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून गालांवर गुलाबी फिरवला होता.

"आई."

"हं."

"त्याचे कपडे मी शिवू?"

इरावतीचा हात थांबला. "कापडाला हात लावायचा नाही, असं ठरलंय ना आपलं?"

"ते माझ्यावाल्याचं ठरलंय. हे तर केव्हाच जन्मलंय. दोन हजार साल हो गए. आता त्याला काय होणार आहे?"

त्याला पुढे काय झालं, ते मिशनच्या शाळेत केस पांढरे केलेल्या इरावतीला ठाऊक होतं. तिने लेकीकडे पाहिलं. दोन महिने त्या हातांनी काही केलं नव्हतं, फक्त पोटावर पडून राहिले होते. तिने हिरव्या खणाचा तुकडा, सुई आणि दोरा उशीशी नेऊन ठेवला.

"कुंचीच कर. सोपी असते. एकच शिवण डोक्यामागे, आणि हनुवटीखाली दोन बंद."

"आणि पाठीवर झालर सोडायची. माहितीये."

"तुला कसं माहीत?"

"माझी होती ना, फोटोत. निळी."

ऋतिका कुशीवर पडल्या पडल्या टाके घालू लागली. टाके वाकडेतिकडे पडत होते, पण पडत होते. गॅलरीच्या कठड्यापलीकडे टेकडी उन्हात निवांत बसली होती. इरावतीची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जायची आणि परत यायची. काही मागावं तर शब्द कोणते वापरायचे? मागल्या खेपेला सगळे वापरून झाले होते. तिच्या ओठांवर आपसूक एक ओवी आली, अर्धी आठवलेली, अर्धी जुळवलेली:

*अंगणी उतरलं*
*ऊन रेशमाची घडी,*
*बाळाच्या कुंचीला*
*घालू चांदण्याची खडी.*

"खडी म्हणजे दगड?" ऋतिकाने विचारलं.

"नाही गं वेडे. पूर्वी लुगड्यांवर सोन्यारुप्याची पूड चिकटवून नक्षी छापायचे, ती खडी. ही तुमची चमकीच की. फक्त तिला तेव्हा मान होता."

फोन वाजला. विक्रमसिंहांचा होता. "बेटमा पार केलंय, आईसाहेब. काही…?"

"अजून नाही," इरावती गॅलरीत जाऊन हलकेच म्हणाली. "गाडी सावकाश चालवा."

खालून दीपेशने हाक दिली, "आंटी, निकलें क्या?"

"रुक बेटा, थोडा और."

ती आत आली तेव्हा कुंची तयार होती. ऋतिकाने दाताने दोरा तोडला आणि कुंची पुढे धरली. इरावतीने झालरीच्या कडेला गोंदाचं बोट फिरवलं, वर चमकी भुरभुरली, फुंकर घातली. मग प्लास्टरच्या डोक्यावरून कुंची चढवली आणि हनुवटीखाली बंद बांधले.

आणि बाळ एकदम बाळ झालं. आत्तापर्यंत ते चर्चमधलं सामान होतं. हिरव्या खणाच्या चौकटीतून तो गुलाबी चेहरा असा बाहेर आला, की जणू नुकतंच न्हाऊमाखू घालून कोणी मांडीवर आणून दिलंय. इरावतीने त्याला हातावर तोललं. देवदूतांचे डोळे रेखायची काळ्या रंगाची बारीक कुंचली शेजारच्या वाटीत होती. हात तिकडे कधी गेला, तिला कळलं नाही. गोबऱ्या डाव्या गालावर तिने टेकवला एक टपोरा काळा ठिपका.

"आई!"

इरावती दचकली.

"अगं, येशूला तीट लावलीस?"

दोघी त्या गालाकडे बघत राहिल्या. इरावतीने घाईघाईने पदराचं टोक ओलं केलं आणि ठिपका पुसायला गेली. खालचा गुलाबी ओलाच होता. तोही पदरावर येऊ लागला आणि ठिपका फराटला.

"आता तर चांगली रुपयाएवढी झाली," ऋतिका म्हणाली. तिचा आवाज कसातरी झाला होता.

"हसू नकोस. देवाघरचं काम आहे. सिस्टर काय म्हणतील?"

"पण त्याला कोणाची नजर लागणार आहे, आई?"

"लागते. देखणं असलं की कोणालाही लागते."

"मागल्या वर्षी तुझे देवदूत बघून सगळे म्हणाले, महालक्ष्म्या बसल्यात. नाकात नथी घातल्या होत्यास. यंदा याला तीट. पुढल्या वर्षी मेंढपाळांना फेटे बांध."

"बांधीन की. उघड्यावर निजतात बिचारे, थंडीचे," इरावती मनापासून म्हणाली.

त्यावर ऋतिकाला जे हसू फुटलं ते आवरेना. उशी तोंडाशी धरून ती हसली, डोळ्यांतून पाणी आलं, पोट गदगदलं, "थांब, आई, बस कर," म्हणत ती पोट धरून हसत राहिली. सकाळपासून दाबलेलं सगळं त्या हसण्यातून वाट काढत होतं. इरावतीही हसू लागली. आणि मग ऋतिका एकाएकी थांबली. तोंड उघडंच राहिलं.

"काय गं? काय झालं?"

ऋतिकाने नुसता हात पुढे केला. आईचं मनगट धरलं आणि तिचा तळहात आपल्या पोटाच्या उजव्या अंगाला, बरगडीच्या खाली, टेकवला.

काही नाही. गॅलरीत चिमण्या भांडत होत्या. काही नाही. मग तळव्याच्या मधोमध, आतून, कोणीतरी टाच रोवली. चांगली ठणठणीत. झोपमोड केली म्हणून रागावल्यासारखी.

"अगं बाई," इरावती म्हणाली.

पुन्हा एक. मग अख्खी एक कूस बदलली. पोटाचा गोलावा इकडून तिकडे सरकला, पाण्याखालून मासा जावा तसा.

इरावती होती तिथेच, चमकी सांडलेल्या फरशीवर खाली बसली. तिच्या तळहाताचा सोनेरी ठसा ऋतिकाच्या गाऊनवर उमटला होता, पाचही बोटांसकट, आणि खालच्या लाथांनी तो हलत होता.

"आंटी!" खालून हाक आली. "चलें?"

ऋतिकाने गॅलरीकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "नहीं दीपेश भिया! बच्चा सो रहा था!"

"तो जगा के बोलो ना भिया को सलाम करे!" खालून दीपेश म्हणाला, आणि गाडीचं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, चांगलं झालं, तरी उद्या सकाळी एकदा दाखवून जा. विक्रमसिंहांना फोन लागला तेव्हा ते इंदूरच्या गर्दीत होते. बातमी सांगितल्यावर फक्त मागचे भोंगे ऐकू येत राहिले. मग "हो," म्हणाले आणि फोन ठेवला.

दिवस कलताना सिस्टर लिसी आल्या. इरावतीने चांदण्या दाखवल्या, माळा दाखवल्या, देवदूत एकेक करून थैलीत भरले. बाळ मात्र मागे ठेवलं होतं. ते काढून देताना तिने तीट असलेला गाल आपल्या बाजूला वळवला.

"सिस्टर, वो… हाथ से हो गया. आदत है हमारी. सूख जाने दीजिए, मैं फिर से रंग दूँगी."

सिस्टरनी बाळ घेतलं, खिडकीपाशी नेलं, गाल उजेडात धरला. इरावती पदराचा डागाळलेला कोपरा मुठीत लपवून उभी राहिली. पलंगावर ऋतिकाने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"मेरी अम्मा इससे भी बड़ा लगाती थी," सिस्टर म्हणाल्या. "बचपन की एक ही फोटो है मेरी. उसमें मुँह कम, टीका ज़्यादा है." त्यांनी अंगठ्याने कुंचीची झालर सारखी केली. "रहने दीजिए. अच्छा लग रहा है."

मग त्यांना काहीतरी सुचलं असावं. त्यांनी ऋतिकाकडे पाहिलं, गाऊनवरच्या सोनेरी पंजाकडे पाहिलं, आणि बाळ इरावतीच्या हातात परत दिलं.

"इसको भी यहीं रहने दीजिए. चरनी तो क्रिसमस की रात तक सूनी ही रखते हैं. तब तक अलमारी में पड़ा रहता है, अँधेरे में. यहाँ घर है."

त्या थैली घेऊन जिना उतरून गेल्या तरी इरावती बाळ घेऊन खोलीच्या मध्येच उभी होती. शोकेसचं दार उघडून तिने बंद केलं. कपाटाचा वरचा कप्पा पाहिला. तिथे अंधारात, आडवं, एकटं. नको.

"इथे आण ना," ऋतिका झोपेला आलेल्या आवाजात म्हणाली आणि भिंतीकडे सरकली.

वाकून इरावतीने हिरव्या कुंचीतलं बाळ लेकीच्या कुशीशी ठेवलं. दोन पावलं मागे आली, परत गेली, आणि पलंगाच्या मोकळ्या कडेला एक लोड लावून ठेवला.

अंधारून आलं तेव्हा जिन्यावर जड पावलं वाजली. विक्रमसिंह उंचेपुरे, एरवी घरात शिरले की दारं लहान वाटावीत असे. आज दारात आले ते वाकल्यासारखे, कपड्यांवर रस्त्याची धूळ, डोळे लाल. सासूला नमस्कार करायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. ते सरळ आतल्या खोलीकडे निघाले.

इरावती दारात आडवी झाली.

"आधी हातपाय धुऊन या."

"आईसाहेब, मी फक्त एकदा…"

"बाहेरून आलात," ती म्हणाली. "घरात बाळ आहे."

तिच्या खांद्यावरून विक्रमसिंहांना आतला पलंग दिसत होता. झोपलेली ऋतिका, तिचा श्वासागणिक वरखाली होणारा हात, तिच्या कुशीतली ती हिरवी कुंची आणि कडेचा लोड. त्यांनी सासूच्या तोंडाकडे पाहिलं. बाळाच्या नावाचा दोरासुद्धा घरात येऊ न देणारी ही बाई दाराची चौकट धरून उभी होती, आणि तिच्या गालावर, केसांत, भुवईवर चमकी लुकलुकत होती.

विक्रमसिंहांनी दाराबाहेर जाऊन जोडे काढले, मोजे काढले, आणि ते अनवाणी न्हाणीघरात गेले.

इरावती धुतलेला पंचा खांद्यावर टाकून बाहेर थांबली. आत नळ सुरू झाला. हातपाय धुवायला लागतो त्याहून पुष्कळ अधिक वेळ तो वाहत राहिला.