अंगात काय घातलंय?

आमच्या अम्युझमेंट पार्कात आता मुलं हरवत नाहीत. ऐकायला किती छान वाटतं ना? साहेबांनाही वाटलं. मीटिंगमध्ये त्यांनी हे वाक्य असं काही झोकात म्हटलं, की जणू स्वतः एकेका पोराचं बोट धरून फिरतात. अहो, पण हरवायला आधी मुलं यायला नकोत का?

मी हरवलेल्या मुलांच्या खोलीतली बाई. सगळे मला खोलीवाली म्हणतात. खोलीला एक खिडकी आहे, आणि हरवलेल्या छत्र्या, चष्मे, पिशव्याही त्याच खिडकीवर मीच बघते. आत बुटक्या खुर्च्या, रंगीत खडूंचा डबा, बिस्किटांचा डबा आणि माइक. माइकवर मुलाचं नाव कधी घ्यायचं नाही आणि कपडेही सांगायचे नाहीत, हा खोलीचा नियम. नाव कळलं की कुणीही ऐरागैरा येऊन 'चल गं सोने' म्हणायला मोकळा. म्हणून मी फक्त सांगायची, 'एक मुलगा सापडलाय, रडून झालंय, बिस्किट खातोय.' न्यायला जो येईल त्याला मी खिडकीतून एकच प्रश्न विचारायची, अंगात काय घातलंय? बरोबर सांगितलं तरच दार उघडायचं.

आया धडाधड सांगायच्या. पिवळा फ्रॉक, डावा मोजा सैल आहे, एव्हाना घसरला असेल. बाप मंडळींची मात्र तंतरायची. 'शर्ट... म्हणजे, शर्टच असेल,' म्हणत खिडकीत घाम पुसत उभे. मग मागून बायको येऊन त्यांची सुटका करायची आणि घरी जाईपर्यंत त्यांना ऐकवायची. मला फार मजा यायची.

या मोसमात साहेबांनी छोटी आगगाडी काढली, फिरणाऱ्या कपबश्या काढल्या, बदकांच्या होड्याही काढल्या. त्या जागेवर आणली एक अक्राळविक्राळ राईड. तिला काहीतरी भारदस्त नाव आहे, पण आम्ही सगळे तिला किंकाळी म्हणतो. ती दर फेरीला माझ्या खिडकीच्या काचा हलवते. फाटकावरची पाटी मात्र तीच, 'संपूर्ण कुटुंबासाठी'. मी मीटिंगमध्ये विचारलंच, की साहेब, कुटुंबासाठी नक्की राहिलं काय? तर म्हणे, थरार आणि कुटुंब यांचा उत्तम समतोल राखलाय, बसायची भरपूर सोय केलीय. मी कपाळाला हात लावला. आगगाडीचं स्टेशन पाडून तिथे बाकडी टाकलीत, ती बाकडी यांनी कुटुंबाच्या बाजूला धरलीत! म्हणजे जे ओरडतात ते गिऱ्हाईक आणि जे बसून राहतात ते कुटुंब.

मोसम संपला की माझ्या खोलीत सामान ठेवायचे लॉकर येणार आहेत. मला काय, दुसरीकडे कुठेतरी बसवतील. पण खरं सांगू का, घरी मी बोलतच नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही, बोलणार कुणाशी? माझी सगळी बडबड या खोलीत व्हायची. रडणाऱ्या पोराला हसवायचं म्हणजे बाई कमी बडबड लागते का? यंदा तीही बंद पडली. दिवसभर खडूंना टोकं काढत बसते. फार एकटं वाटतं, आणि हे बोलून दाखवायची मला लाज वाटत नाही.

तर त्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. बघते तर एक आजोबा. राखाडी स्वेटर, तपकिरी पँट, खांद्याला मोठी काळी बॅग.

"मुलं हरवल्यावर इथेच आणतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो. कोण हरवलंय? नातू का?"

"नाही," ते म्हणाले. "मीच."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांचा चेहरा चेष्टेचा नव्हता. मी त्यांना आत घेतलं. मोठी खुर्ची एकच, माझी, ती दिली तर घेईनात. खिडकीच्या खालच्या बुटक्या खुर्चीवर बसले, गुडघे पार हनुवटीपर्यंत आले. मी पाणी दिलं, बिस्किटं दिली, माइककडे हात नेला आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "घाबरायचं नाही हं, आई येईलच आता."

मी जीभ चावली. आजोबा खो खो हसले. "आता आई आली तर मीच पळून जाईन," म्हणाले. मलाही हसू आवरेना. त्या खोलीत कितीतरी दिवसांनी दोन माणसं हसली.

मग त्यांनी माइकवर हात ठेवला. "सांगू नका बाई. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"मी दिसत नाही हे कुणाच्या लक्षात येतंय का."

त्यांनी सांगितलं ते असं. मुलगा, सून आणि दोन नाती, सगळे किंकाळीच्या रांगेत. गेल्या वर्षी धाकटी मोठ्या राईडच्या उंचीच्या पट्टीला पोचत नव्हती, म्हणून ती आणि आजोबा दोघं आगगाडीत बसून फिरले होते. यंदा ती पोचली. यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे किंकाळी यांना बंद. मग सगळ्यांचं सामान यांच्या मांडीवर आणि हे बाकड्यावर.

"मघाशी आले होते चौघं," आजोबा म्हणाले. "पाणी प्यायला. मुलानं बॅगेत हात घातला, बाटली काढली, चौघं प्यायले, बाटली परत ठेवली आणि गेले पुढच्या राईडला. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही हो. बाटली मांडीवरच्या बॅगेतून घेतली आणि मांडी कुणाची ते बघितलं नाही."

"बोलायचं ना मग तुम्ही!"

"काय बोलणार? मी आहे, असं?"

मी त्यांचा पाण्याचा पेला पुन्हा भरला.

मग आम्ही वाट बघत बसलो. त्यांचं सलून होतं, सगळी हयात लोकांचे केस कापण्यात गेली. "तिथेही सगळे आरशात स्वतःलाच बघायचे," म्हणाले, "पण तो धंद्याचा भाग होता, त्याचं कधी वाईट वाटलं नाही." माझा भांग बघून म्हणाले, केस कोण कापतं तुमचे, एका बाजूला उतरलेत. मी म्हटलं, मीच कापते, आरशात बघून. तर म्हणे, तरीच. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याची बिनपाण्यानं केली असती. पण माझे केस कुणीतरी नीट बघितले, याचंच मला इतकं बरं वाटलं, की मी उठून त्यांना आणखी बिस्किटं दिली. त्यांनी खडू घेतले आणि कागदावर एक आगगाडी काढली. डब्यात एक मोठं डोकं, एक लहान. चित्रकला यथातथाच होती.

बाहेर किंकाळी सुटत होती, काचा हलत होत्या. दर वेळी ते मान वर करायचे आणि पुन्हा खाली घालायचे. आणि मी? एकदा मनात यायचं, येऊ दे बाबा यांचा मुलगा धावत, वेडापिसा होऊन. पुढच्याच घटकेला यायचं, कुणी येऊच नये. असेच बसावेत हे इथे, माझ्या केसांना नावं ठेवत. दुसऱ्याच्या बापावर डोळा ठेवणारी मी कोण? पण आलं मनात.

ऊन उतरायला लागलं तेव्हा खिडकीशी कोणीतरी आलं. चाळिशीचा माणूस, केस वाऱ्यानं विस्कटलेले, दमलेला. खिडकी उंच असल्यामुळे खाली बसलेले आजोबा त्याला दिसत नव्हते. आजोबांनी आवाज ओळखला आणि ताठ बसले. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. चेहरा पार खुलला होता.

"बाई, हरवलेलं सामान इथेच मिळतं ना?" तो म्हणाला. "आमची बॅग हरवलीय."

मी खाली बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

"कसली बॅग?"

"काळी. दोन कप्पे, पुढच्या कप्प्याची चेन अर्धी अडकते. चेनला पिवळं बदक लावलंय, मुलीनं लावलेलं. आत निळी बाटली, गाडीची किल्ली, चार्जर, मोठीचं जॅकेट. खालच्या शिवणीला थोडी उसवलीय." एका दमात, एखाद्या आईसारखं सांगितलं त्यानं.

"कुणाकडे होती?"

"वडिलांकडे. त्यांना बाकड्यावर बसवून गेलो होतो. आता ते तिथे नाहीत, फोनही त्यांचा बॅगेतच. किल्ली नाही तर आम्ही घरी जाणार कसे? मुली रडकुंडीला आल्यात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी आवाज शक्य तितका थंड ठेवून मी म्हटलं, "बॅग सापडलीय. पण तिच्याबरोबर एक माणूसही सापडलाय, आणि माणूस द्यायचा आमचा नियम वेगळा आहे. वडिलांनी अंगात काय घातलंय?"

"हां, म्हणजे बाबा सापडले! बरं झालं." तो खरंच सुटल्यासारखा हसला. वाईट माणूस नव्हता तो, मी शपथेवर सांगेन. "आहेत कुठे?"

"अंगात काय घातलंय?"

"शर्ट... पांढरा असेल. ते बहुतेक पांढराच घालतात."

"नाही."

"मग निळा. बाई, सकाळी निघायची इतकी गडबड होती..." तो थांबला. आठवायला लागला. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याचं तोंड हळूहळू उतरत गेलं, कारण त्याचं त्यालाच कळलं होतं, की आठवण्यासारखं आत काही नाहीच. त्यानं बघितलंच नव्हतं. मला त्याचा राग यायला हवा होता, आणि येतही होता. मनात म्हटलं, राहू दे उभा, कळू दे.

आणि तेवढ्यात खिडकीखालून हलका आवाज आला, परीक्षेत मागच्या बाकावरून यावा तसा.

"राखाडी स्वेटर."

मुलगा दचकला. खिडकीच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

"राखाडी स्वेटर, म्हण," आजोबा पुन्हा म्हणाले. "आणि तपकिरी पँट."

"राखाडी स्वेटर," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "तपकिरी पँट."

"आतून सांगितलेलं चालत नाही," मी म्हटलं.

आजोबा माझ्या टेबलाचा आधार घेऊन उठले. बुटक्या खुर्चीतून उठताना त्यांना वेळ लागला. "जाऊ द्या हो बाई," माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "दमलाय तो. गाडी चालवायचीय अजून त्याला." आजवर सापडलेल्या कुठल्याच पोरानं न्यायला आलेल्या आईबापाची इतकी बाजू घेतलेली मी पाहिली नाही.

मी दार उघडलं. उघडावंच लागलं, बॅग त्याची आणि माणूसही त्याचाच. मुलगा आत आला, बापासमोर उभा राहिला आणि त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, स्वेटर, पँट, बूट, सगळं.

"बाबा, अहो..." त्यानं बॅगेचा पट्टा धरला. "द्या इकडे. इतकी जड बॅग दिवसभर... मी घेतो."

आजोबांनी पट्टा सोडला नाही.

"असू दे," ते म्हणाले. "माझ्याकडेच असू दे. बॅग असली की येता तुम्ही."

टोमणा नव्हता त्यात. उद्या पाऊस येईलसं वाटतं म्हणावं, तितक्या साधेपणानं म्हणाले. मुलगा पट्ट्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला, आणि मग त्यानं हात काढला.

दोघं बाकड्यांच्या मधून फाटकाकडे गेले. मुलगा अर्धं पाऊल मागे, बापाचा खांदा धरावा की नाही अशा विचारात. मी दारात उभी होते. न्यायला आलं की मुलं थोडं पुढे जाऊन वळतात आणि मला हात करतात, इतक्या वर्षांत एकही चुकलं नाही, म्हणून माझाही हात आपोआप वर गेला होता. आजोबांनी वळून बघितलं. पण हात त्यांना करता आला नाही, दोन्ही हातांनी त्यांनी बॅग छातीशी धरली होती.