जीपचे घुंगरू

चित्ररथ जीपला जोडताना धाकट्याने हुकाशेजारी एक साखळीही अडकवली. हुक त्यानेच वेल्ड केला होता. "हुक सुटलाच तर ही धरून ठेवेल, दादा. काढू नकोस."

पण साखळी लांब होती. ती रस्त्याला घासून खणखणायला लागली आणि बँडवाले ओरडले, "जीपला घुंगरू बांधलेत का?" थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन पीळ देऊन ती आखूड केली असती तरी भागलं असतं. पण मिरवणूक थांबताच त्याने साखळी काढली आणि सीटखाली कोंबली.

चढावर वेल्डिंग सुटलं. कागदाचा भलामोठा देवमासा रथासकट मागे घरंगळायला लागला. मागून चालणाऱ्या धाकट्याने धावत जाऊन चाकाखाली ओंडका सारला. रथ थांबला, पण धाकट्याचा हात मोडला.

दवाखान्यातून प्लास्टर घालून बाहेर येताना धाकटाच म्हणाला, "माझंच काम कच्चं, दादा. साखळीसुद्धा तुटली बघ. लोकांना काय तोंड दाखवू?"

सगळं थोरल्याच्या ओठांवर आलं होतं. "होतं असं कधीकधी," एवढंच तो म्हणाला, आणि मनातल्या मनात स्वतःला जोड्याने मारत राहिला.

त्याने धाकट्याला जीपमध्ये शेजारी बसवलं. पहिल्याच खड्ड्यात सीटखाली साखळी खणखणली. धाकट्याने वाकून पाहिलं.

धाकट्याने धड हाताने रेडिओ लावला आणि साखळी ऐकू येईनाशी होईपर्यंत त्याचा आवाज वाढवत नेला.