चाकाची आण

तुम्ही आम्हाला सायकलींची पट्टी दिलीत आणि तिच्यावर पहिली गाडी तुम्हीच उभी केलीत. नाव घेत नाही. नाव घेतलं की त्या साहेबांची बदली झाली असं उत्तर येतं. माणूस बदलतो, खुर्ची तीच राहते. मी रस्तेखात्याच्या त्या खुर्चीशीच बोलतोय.

पोलादपूरकडून महाडात शिरताना रस्ता आवळत येतो. एका अंगाला कापलेला डोंगर, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं आणि मधल्या डांबरावर गोव्याकडचे मालट्रक. दिवाळीनंतर तुम्ही तिथं डांबराच्या कडेनं मुरूम टाकलात, चुना मारलेले दगड ओळीनं लावलेत आणि पाटी रोवलीत, 'फक्त सायकलींसाठी'. दोन सायकली गप्पा मारत शेजारून जातील एवढी रुंद. हार-तुरे झाले, फीत कापली. आम्ही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मनापासून वाजवल्या. स्वराज्य आल्यापासून आमच्या वाडीच्या वाट्याला आलेली ती पहिली वस्तू होती.

आणि त्या पट्टीवर एका बाईचं सगळं आयुष्य अडकलं होतं. म्हणून हे लिहितोय.

आमच्या वाडीतल्या भागोजीतात्याची लेक चंद्रभागा. नवऱ्यानं मुंबईत दुसरं घर केलं तशी माहेरी परत आली. रडली नाही, कुणाच्या दारात बसून गाऱ्हाणी सांगितली नाहीत. महाडच्या दवाखान्यात बायांना सुईणीचं काम शिकवतात हे कळल्यावर एकटी चालत गेली आणि नाव घालून आली. वर्षभर शिकायचं, मग सरकारी सुईण म्हणून नेमणूक. पण रोज सकाळी वेळेत हजर पाहिजे. चालत पोचणं अवघड, सकाळची मोटार मर्जीची. भावानं मुंबईहून आणलेली जुनी सायकल पडवीत होती. चंद्रभागेनं काष्टा घट्ट केला आणि खळ्यात पडत-झडत चार दिवसांत शिकली. वाडी हसली. ती पण हसली, आणि परत चढली.

भागोजीतात्याला सायकलीची लाज नव्हती, ट्रकांची भीती होती. आदल्या साली त्याचा बैल ट्रकाखाली गेला होता. त्यानं चार माणसांसमोर लेकीला सांगितलं, "चंद्रे, ती चुन्याच्या दगडाची पट्टी हाय तवर सायकल हाय. डांबरावर ट्रकाच्या तोंडाला दिसलीस, तर सायकल माळ्यावर. मंग रडायचं नाय."

"बरं बा," ती म्हणाली.

तात्या एकदा बोलला की बोलला. गावदेवीच्या पालखीचा मान त्याच्या घरात. शब्द मागं घ्यायची सवय नाही.

फीत कापल्यावर आठवडा गेला असेल-नसेल, पट्टीत तुमची जीप उभी. का? तर तिथं आंब्याची सावली आहे आणि समोर चहाचं हॉटेल आहे. साहेब आत चहा पितायत, डायवर स्टेअरिंगवर डोकं टाकून झोपलाय. वाडीचा हैबती सायकलवर पावाची ट्रंक लादून गावोगाव पाव विकायचा. मुंबईत चार वर्षं राहून आलेला, तोंडाचा पट्टा मोकळा. त्यानं काचेवर टकटक केली.

"ओ डायवरसाब, ही पट्टी कुनाची?"

"सरकारची."

"आनि जीप?"

"सरकारची."

"मंग बरोबर हाय. सरकार सरकारच्या मांडीवर बसलंय. बसूद्या. आमी खाली उतरतो."

आम्ही हसलो आणि बाजूनं गेलो. हेच चुकलं. तुमची जीप दिसल्यावर मालट्रकवाल्यांना परवानाच मिळाला. आधी एक उभा राहिला, मग तीन. कोणी चाक बदलतोय, कोणी जेवतोय, कोणी नुसताच झोपलाय. सायकलवाल्यांनी काय केलं ते ऐका. म्हातारा सोनबा मुकाट उतरायचा, सायकल खांद्यावर घ्यायचा आणि खाचराच्या बांधावरून पलीकडं जायचा. मोरू ट्रकापाशी थांबून घंटी वाजवत राहायचा, डायवर आतून शिवी द्यायचा, मोरू म्हणायचा, "जागा झाला, एवढं पुरं." मी महाडात भाताच्या गिरणीत कामाला. माझा पाय शिवशिवायचा. एकदा टायरला लाथ घातली. टायरला काय झालं नाही, अंगठा सुजला.

चंद्रभागा सुरुवातीला उतरून उभी राहायची. डांबर मोकळं दिसलं की ढकलत ट्रकाला वळसा. पण एकामागं एक चार ट्रक असले की अर्धी सकाळ तिथंच जायची. दवाखान्यात शिकवणाऱ्या बाईंनी एकदा बजावलं, दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "पोर काय तुझी वाट बघत पोटात थांबणार आहे?" त्या दिवसापासून ती उतरेना. पट्टी अडलेली दिसली की सरळ डांबरावर सायकल घालायची, मान खाली, ट्रकांच्या मधून.

"तात्याला कळलं तर?" मी विचारलं.

"तुमी सांगनार हाव काय?"

"नाय गो."

"मंग कसं कळंल?"

पण हे किती दिवस चालणार, हे तिलाही ठाऊक होतं. रात्री तात्या विचारायचा, "पट्टीनं गेलीस ना?" आणि ती भाकरी थापता थापता "हूं" म्हणायची. तो हूं तिला जड जात होता. तिनंच हैबतीला सांगितलं, काहीतरी कर बाबा.

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगावी लागेल. तुमच्या कायद्यात ती नसेल. एखाद्या रानात गुरं चारू नयेत, एखाद्या झाडाचं फळ कुणी तोडू नये असं वाटलं, की तिथं हिरवा टहाळा रोवायचा आणि गावदेवीला गाऱ्हाणं घालायचं. झाली आण, म्हणजे देवीची बंदी. मग तिथं पोलीस लागत नाही. टहाळा वाळतो, आण वाळत नाही. शिमग्याला पालखी बाहेर पडली की मानकऱ्यानं देवीपुढं उभं राहून ती उठवायची, तोवर नाही.

हैबतीनं एका सकाळी पट्टीच्या दोन्ही टोकांना जांभळीचे टहाळे रोवले, नारळ फोडला आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं. समोर हॉटेलात महाडचे डायवर बसले होते, त्यांना ऐकू जाईल असं. "आई, या पट्टीत ज्याचं चाक शिरंल, त्याला तू बघून घे!"

आम्ही सगळ्यांनी मिळून "होय महाराजा" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी रिकामी. तुमच्या पाटीनं जे झालं नाही ते दोन टहाळ्यांनी केलं. तिथं थांबणारे डायवर बहुतेक आसपासच्याच गावचे, देवीला भिणारे. बाहेरचा कोणी घुसायला लागला तर हेच त्याला हाका मारून बाहेर काढायचे. तुमचा जीपवालासुद्धा पलीकडं झाडाविना उन्हात उभा राहू लागला. त्या दिवसांत चंद्रभागा गाणं म्हणत जायची. तिच्या हातून पहिलं बाळंतपण झालं, दासगावची बाई, मुलगा. पेढा तिनं आम्हाला पट्टीवरच वाटला.

"आता हूं म्हणायला जड नाय जात," ती म्हणाली.

मग एका बाजाराच्या दिवशी भागोजीतात्या तूप घेऊन चालत महाडला आला. परतताना आम्ही त्याला पट्टीच्या तोंडाशी गाठलं. चंद्रभागा, हैबती आणि मी. हैबतीला वाटलं, तात्या शाबासकी देईल. तात्या टहाळ्यापुढं वाकला, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि विचारलं, "ह्यो कुनी लावलान?"

"म्या लावला तात्या! बगा, एक गाडी हुबी नाय. एकदम साफ!"

"गाऱ्हाणं घातलंस?"

"नारळ फोडून."

"काय म्हनालास?"

हैबतीनं छाती काढून म्हणून दाखवलं. या पट्टीत ज्याचं चाक शिरंल.

तात्याचा चेहरा बदलला. "चाक म्हनालास?"

"व्हय."

"मोटारीचं चाक म्हनालास, का नुसतं चाक?"

"नुसतं चाक. म्हंजे मोटारीचंच की तात्या!"

"आरं, देवी काय तुज्या मनात शिरून बगनार हाय? तू बोललास तेच तिनं ऐकलंन." तात्यानं लेकीच्या सायकलीकडं बोट दाखवलं. "ह्याला काय खूर हायत?"

हैबती हसायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. मीही थांबलो. महिनाभर आम्ही त्याच पट्टीवरून चाकं फिरवत होतो आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

"बा, इतके दिस गेले, काय झालं का मला?" चंद्रभागा म्हणाली.

"झालं नाय म्हून जायचं? माज्या घरात पालखीचा मान, आनि माजी लेक देवीच्या आणेवरनं चाक नेते?"

"मंग आण उठवा ना तुमी."

"शिमग्याला. त्याच्या आदी उठत नाय, तुला म्हाइत हाय."

"मंग मी काय करू? डांबरावर जाऊ नको म्हनता, पट्टीवर जाऊ नको म्हनता!"

तात्यानं तिच्या हातातून सायकल घेतली आणि रस्त्याच्या कडेनं ढकलत घरापर्यंत नेली. त्याच संध्याकाळी ती माळ्यावर गेली.

हैबती इरेला पेटला. म्हणाला, "मी घातलीय आण, मीच मोडतो." दुसऱ्या दिवशी पावाची ट्रंक घेऊन पट्टीत शिरला आणि मधोमध पंक्चर झाला. खिळा होता, मी स्वतः डोळ्यांनी पाहिला. पण ट्रंक उपडी झाली, पाव मुरमात लोळले आणि सोनबानं लांबूनच हात जोडले. वाडीत बातमी पोचायला पाव गोळा होईपर्यंतचासुद्धा वेळ लागला नाही. त्यानंतर कुणीच पट्टीवर चाक घालेना. मीही नाही. हसा आम्हाला. अडाणी म्हणा, देवभोळे म्हणा. आम्ही आहोत. पण एक विसरू नका, देवीकडं आम्ही हौसेनं गेलो नव्हतो. आधी तुमच्या डायवरच्या काचेवर टकटक केली होती.

चंद्रभागा चालत जाऊ लागली. अंधारात निघायची, पट्टीवरूनच चालायची, पायांना बंदी नव्हती. बाजूनं आम्ही डांबरावर सायकली हाकायचो आणि ती सगळ्या रिकाम्या मुरमावर एकटी. मागं बस म्हटलं तर म्हणायची, "तुमी डांबरावर, मी बाला काय सांगू?" पाय सुजले, नखं गेली. तरी पोचायला उशीर. एकदा रात्रीच्या अडलेल्या बाळंतिणीला सकाळी मोकळं करायचं होतं, बाईंनी खास बोलावलं होतं, आणि ही पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाई चांगल्या होत्या. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या साली ये, चंद्रभागा. सोय झाली की ये." तिची जागा दुसऱ्या मुलीला गेली.

ती जागा जायच्या थोडं आधी तुम्ही आला होतात. जीप पट्टीच्या कडेला उभी केलीत, या खेपेला बाहेर, आणि खिडकीतून बघितलंत. पट्टीवर एकही चाक नाही. सायकली सगळ्या डांबरावर. मी त्या वेळी तिथूनच जात होतो. तुमचे शब्द मी ऐकले, "बघा या लोकांना काही करून द्या, वापरायचं नाही." डायवर खाली मान घालून हसला. त्याला टहाळ्याची गोष्ट ठाऊक होती. त्यानं सांगितली नाही आणि तुम्ही विचारली नाहीत. चहा न घेताच गेलात.

शिमग्याला पालखी निघाली. तात्यानं त्या साली पालखी वाट वाकडी करून रस्त्यावर नेली. जुनी आण उठवून नवी घालायची म्हणून रात्र रात्र जागून त्यानं गाऱ्हाण्याचे शब्द बसवले होते, वकिलानं बसवावेत तसे: चार चाकांचं, इंजिनाचं, माल वाहणारं. सायकल सुटेल आणि मोटार अडेल असे. माळ्यावरची सायकल त्यानं सकाळीच खाली काढून पुसून ठेवली होती. आम्ही ढोल वाजवत पट्टीपाशी पोचलो आणि ढोल आपोआप थांबला. चुन्याचे दगड उपटून बाजूला टाकलेले. टहाळे कुणीतरी शेकोटीत घातलेले. पाटीवर तुमच्या खात्याचा नवा रंग, 'मालट्रक थांबा'. आणि ओळीनं ट्रक, टोकापासून टोकापर्यंत.

तात्या लेकीकडं वळून म्हणाला, "चंद्रे, सायकल घे. डांबरावरनं जा. मी म्होरं चालतो, ट्रकाला हात करतो. रोज येईन."

"कुटं जाऊ बा?" ती म्हणाली. "माजी जागा भरली."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. म्हातारा मात्र पालखीच्या दांड्याला धरून खाली बसला. तेव्हापासून तो माझ्याशी एकच बोलतो, देवीला एकदा नीट विचारायला हवं होतं. मी त्याला सांगतो, तात्या, देवीनं तुला अडवलं नव्हतं. त्याला पटत नाही. तुम्हाला पटतं का?

वाडीतल्या बायांना अजूनही जुनी सुईण रंगूबाईच सोडवते, जिला आता दिसत नाही. मागच्या महिन्यात बनुबाईची सून गेली, पोटातल्या पोरासकट. चंद्रभागा उशाशी बसून होती. निम्मंच शिकलेली, निम्मंच येत होतं.

म्हणून विचारतो. त्या दिवशी तुम्ही जीपमधून खाली का उतरला नाहीत? पट्टीवरून चालत येणारी एक बाई होती, सुजलेल्या पायांची, तुमच्या जीपच्या शेजारून गेली. तिला एक शब्द का विचारला नाहीत? बदलीचं कारण नको, वरून हुकूम होता हे नको. का विचारला नाहीत, तेवढं सांगा.