पाठीचा एक्स-रे

उल्का बंगळूरच्या शिवाजीनगरला बसमधून पडली. ती उतरत असतानाच बस हलली आणि ती कमरेवर आदळली. जवळच्या नर्सिंग होममध्ये पाठीचे एक्स-रे काढले. हाड शाबूत होतं. पुढच्या आठवड्यात तिला कळलं, आपल्याला दिवस गेलेत. एक्स-रे काढले तेव्हाही गेलेलेच होते.

दुसरी एखादी डॉक्टरांना विचारून मोकळी झाली असती. उल्काचं तसं नव्हतं. प्रयोगशाळेत तिचं कामच ते होतं: डीएनए ज्यांचा बनतो ते घटक पाण्यात विरघळवायचे, नळ्यांवर गॅमा किरण सोडायचे आणि काय मोडलं ते शोधायचं. किरण पाण्याचा रेणू फोडतात. त्यातून सुटलेला तुकडा समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो, त्या घटकांतल्या ग्वानिनवर तर हमखास. बिघडलेलं ग्वानिन पुढे भलत्याच जोडीदाराशी जुळतं आणि चूक पेशीच्या पुढच्या पिढीत उतरते. हे ती आजवर हौसेनं समजावून सांगायची. आता नळी उचलली की दुसरा हात पोटावर जायचा.

"कशाला रिस्क घेता?" नर्सिंग होममधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे काढून टाकू. पुढच्या वर्षी बघा."

तिचा नवरा पुष्कर तिला ऑटोनं जे. पी. नगरला घरी घेऊन आला. घरात शिरल्यावर म्हणाला, "अगं, त्या म्हणतायत तर..."

"डोस किती होता हेसुद्धा त्यांनी बघितलं नाही, पुष्कर!"

"मग तू सांग ना. तुझाच विषय आहे."

विषय तिचाच होता, पण डोळ्यांसमोर सारखे ते मोडके रेणू येत होते.

दुसऱ्या दिवशी ती तिच्या गाइडकडे, नरसिंहरावांकडे गेली आणि दारातच सगळं बोलून टाकलं.

"स्वल्प, जरा बस," ते कन्नड मिसळलेल्या मराठीत म्हणाले. त्यांनी नर्सिंग होमला फोन लावला, मशीन कसं लावलं होतं, किती फिल्म काढल्या ते कन्नडमधून विचारलं आणि कागदावर हिशेब मांडला.

"गर्भाला अपाय दिसतो त्या डोसच्या दहाव्या हिश्शाच्याही खाली आहे हे. तू तपास."

तिनं तपासला. बरोबर होता.

"पण सर, बिघाड व्हायला एक किरणसुद्धा पुरतो."

"पुरतो. पण तुझ्या नळीत ग्वानिन एकटं असतं. पेशीत दुरुस्ती करणारी एन्झाइम्स असतात. बिघडलेला भाग कापतात, नवा बसवतात. तुझ्या-माझ्यात आत्ताही तेच चाललंय."

"आणि त्यांच्या हातून एखादा सुटला तर?"

"सुटतो कधीतरी. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. खूप कमी आहे, एवढं खात्रीनं सांगतो. सरी? पटलं?"

ते खोटा धीर देत नव्हते, म्हणूनच तिला त्यांच्या शब्दांनी धीर आला. घरी येऊन ती म्हणाली, "ठेवायचं." पुष्कर "बरं" म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरलेलाच होता.

भीती मात्र गेली नाही. गॅमाचं काम तिनं सोडलं. प्रत्येक सोनोग्राफीला ती "मणके नीट बघा हं" म्हणायची, आणि डॉक्टरांचा हात एखाद्या जागी जरा रेंगाळला तरी "काय दिसलं?" असं विचारायची.

मुलगी झाली. पुऱ्या दिवसांची, खणखणीत रडणारी. बालरोगतज्ज्ञांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. तरी उल्कानं दुपटं सोडून तिला स्वतः मानेपासून टाचांपर्यंत न्याहाळलं. संध्याकाळी नरसिंहराव बघायला आले.

"कशी आहे?"

"छान आहे, सर," ती म्हणाली, आणि इतके महिने आवरून धरलेलं रडू तिला त्यांच्यासमोरच फुटलं.